यंत्र दादाला शोधत होतं

ती. वहिनींस, बिघाडभाऊजींचा वाकून नमस्कार. (दादाने ठेवलेलं हे नाव तो गेल्यापासून तुम्हीच तेवढं वापरता, म्हणून मुद्दाम लिहिलं.) गुडघा कसा आहे? मलम लावता की कपाटात त्याचं प्रदर्शन मांडलंय? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून.

गेले काही दिवस ऑफिसच्या वेबसाइटने माझ्या नाकी नऊ आणले आहेत. सर्व्हरचा प्रोसेसर ऑफिस उघडायच्या आधीपासूनच शंभर टक्के राबत असतो आणि लोकांना रजेचा अर्ज भरताना मध्ये चहा पिऊन यावं लागतं. (तसे ते आधीही चहा प्यायचे, पण आता दोष माझ्यावर.) साहेबांच्या मते कुणीतरी बाहेरून हल्ला केलाय. मी म्हटलं, आपल्या रजेच्या अर्जांवर कोण कशाला हल्ला करील? ते त्यांना लागलं. मग मी सर्व्हर बंद करून चालू केला, मेमरी वाढवली, जोडीला दुसरा सर्व्हर लावला. तो बिचारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत पहिल्यासारखाच धापा टाकू लागला. शेवटी एसीवाल्याला बोलावलं. त्याने खोली इतकी गार केली की मी स्वेटर घालून प्रोसेसरचा ताप बघत बसलो.

मग सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. आमची वेबसाइट स्वतः कुणालाच ओळखत नाही. कुणी दार वाजवलं की ती त्याचं नाव घेऊन दुसऱ्या यंत्रावरच्या डिरेक्टरीकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या यादीकडे, जाते आणि विचारते, हा आपलाच ना? दादा आस्थापना विभागाचा प्रमुख असताना त्याने मला बजावलं होतं, "हे बघ बिघाड, आपली माणसं सारखी या विभागातून त्या विभागात जातात. तुझ्या यंत्राने पहिल्याच फटक्यात कुणाला 'ओळखत नाही' म्हणायचं नाही. सगळीकडे शोध म्हणावं. नाही सापडला, तर पुन्हा शोध." असं कुठेच करत नाहीत. पण दादापुढे माझं कधी चाललंय? मी तसंच करून ठेवलं.

मध्यंतरी कारकुनाने दादाचं नाव डिरेक्टरीतून काढलं. माणूस गेल्यावर काढायचंच असतं, त्याचं काही चुकलं नाही. पण तेव्हापासून एक कॉम्प्युटर सारखा दादाच्या नावाने दार वाजवतोय. वेबसाइट प्रत्येक विभागात जाते, बंद पडलेल्या विभागांतही डोकावते, दादा सापडला नाही की पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागते. एक शोध संपायच्या आत दुसरा सुरू. वहिनी, ते बघून मला रडू आलं. (एसीवाला समोरच होता. त्याने मुकाट्याने गारवा कमी केला.)

तो कॉम्प्युटर तुमच्या बाहेरच्या खोलीतला आहे. दादा त्यावर ऑफिसचं पान उघडून ठेवायचा, ते अजून तसंच आहे आणि आपोआप विचारत राहतं.

असो. गुडघ्याला जपा.

तुमचा,
बिघाड

ता.क. रविवारी मी जी छत्री न्यायला आलो होतो, ती माझी नव्हती. मी ते पान बंद करायला आलो होतो. तुम्ही चहा टाकायला गेलात तेव्हा माउसला हातही लावला. तेवढ्यात तुम्ही आतून म्हणालात, "भाऊजी, तो बंद नका करू हं. त्याच्या आवाजाने घरात कुणीतरी आहे असं वाटतं." मग मी छत्री घेऊन निघालो. (कुणाची आहे ती?)

ता.क. २ – दादाचा नियम काढून टाका, असा साहेबांचा हुकूम आहे. तो माझ्याच्याने काढवत नाही. इथून तुमचा कॉम्प्युटर अडवताही येतो, पण दादाच्या घराला मी दार लावणार नाही. तुम्ही ते पान बंद केलंत तर सर्व्हर शांत होईल आणि नियमही राहील. कॉम्प्युटर चालूच ठेवा. घरघर त्याच्या पंख्याची आहे, पानाची नाही.

ता.क. ३ – एकट्याने करू नका. आधी मला फोन लावा. मी सर्व्हरपुढे बसून असेन. दादाच्या नावाने शेवटचं दार वाजेल, तेव्हा इकडून ओ द्यायला कुणीतरी हवं.