तिसऱ्या सहीच्या जागी अंगठा

धुळे, मंगळवार, मार्च १९९१

सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी आदिवासी पाड्यांपर्यंत न्यायची, म्हणून निधीचा अर्ज केलाय. संशोधक तीन: मी, जळगावचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पिंपळनेरच्या सुईण सखूअक्का. अक्कांच्या सहीच्या जागी निळा अंगठा. कॉलेजात सगळे म्हणाले, तो काढा. खोटं कशाला लिहू, मीही अक्कांना वगळून भरायला गुपचूप कोरा फॉर्म आणून ठेवला होता.

आज मुलाखतीला अक्काही सोबत होत्या. निधी समितीतले साहेब त्या अंगठ्यापाशीच अडले. "या बाई संशोधक कशा?" मी फाइल चाळायला घेतली. अक्काच बोलल्या, "रंगत देवाले बठ्ठा गावले मी तयार करस. मंग मना अंगठा कसाले नको?" खरंच, रक्त द्यायला अख्ख्या गावाला त्याच तयार करतात.

पुढचे सगळे प्रश्न साहेबांनी अक्कांनाच विचारले. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. काय छाती फुगली माझी! निधीचं काय व्हायचं ते होवो.

कोरा फॉर्म आत्ताच फाडला.