एसी गेला, भोक राहिलं

मुलुंड (पश्चिम)
दि. ९ जानेवारी २०२५

चि. सर्वेश यास आईचे आशीर्वाद.

इथे सगळ्यांची तब्येत बरी आहे, तुझीही असेल. आईने फोन सोडून पत्र का लिहिलं असं तुला वाटेल. फोनवर तू दर वाक्याला "आई, ऐक ना" करत मध्ये घुसतोस आणि मग माझं सांगायचं राहून जातं. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

यंदा थंडी चांगलीच पडली आहे. तुमच्या गोरेगावचं मला माहीत नाही, पण इथे पाठीशी डोंगर, त्यामुळे पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. समोरच्या नलिनीने महाबळेश्वरला घेतलेला स्वेटर कधी नव्हे तो बाहेर काढला आणि दिवसभर घालून मिरवते आहे. मुंबईकरांना थंडीची मजाच वाटते. घरात बाळंतीण असली की मजा वाटत नाही.

हो, तुझी बायको श्रुतिका इथेच आहे, तुझ्या खोलीत. मुलगी झाल्याचं तुला दादूकाकांनी कळवलं असेलच. जावळ दाट आहे, रडते मोठ्याने, आणि हनुवटी तुझी घेतली आहे, त्याला इलाज नाही. तू बघायला आला नाहीस याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहून झालं, आता खोडत नाही.

गेल्या आठवड्यात दादू भावोजी तुझा निरोप घेऊन आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग खोलीत डोकावून म्हणाले, "वैनी, हय वारा बघ किती येता. पोर आजारी पडतला. तिका भावाकडे सांताक्रूझाक धाड. पयला बाळंतपण म्हायेराकच करतत."

मी म्हटलं, "भावोजी, तिची आई वारली. भावाची एकच खोली, त्यात चार माणसं. तिथे तिचं कोण करणार?"

"सर्वेशान सांगल्यान, ता मी सांगतंय." माणूस साधा आहे, पोटात काही राहत नाही. चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ती गेली काय तो येतलो हय रवाक. एकटो नाय."

म्हणजे थंडी हे निमित्त. एकदा ती उंबरा ओलांडून गेली की तिचं सामान मागून टेम्पोने जाणार, आणि तुम्ही दोघं इथे संसार थाटणार. गोरेगावला तुझ्यासोबत कोण राहतं हे मी आजवर विचारलं नव्हतं. आताही विचारत नाही, मला कळलं आहे.

पण एक मान्य करायला हवं. वारं येत होतं. बाळाचे पाय गार पडायचे, श्रुतिका कान बांधून भिंतीकडे पाठ करून बसायची आणि पाठीलाच वारं लागायचं. भावोजी गेल्यावर मी उदबत्ती पेटवली आणि खोलीभर फिरवली. जिथे धूर वाकडा होईल तिथे फट. खिडकीच्या सरकत्या काचांपाशी वाकडा झाला, दाराखाली झाला, आणि पलंगाच्या डोक्यावर जिथून वारा मुसंडी मारून आत आला, ते तुझं भोक. एसीच्या नळीचं. पडद्याआड असल्यामुळे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

ऑक्टोबरात तू मेकॅनिक आणलास आणि एसी काढून गोरेगावला नेलास. श्रुतिकाला सातवा महिना होता, ती पलंगावर बसून अंगावर उडणारी धूळ झटकत होती. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," म्हणालास. थोड्या दिवसांसाठी कोणी एसी नेत नाही रे. तर ज्या वाऱ्याचं कारण सांगून तू तिला घालवायला निघालास, ते तूच आत सोडलेलं आहे.

तुझी जुनी जीन्स कपाटात होती, ती कोंबली त्या भोकात. अगदी मापाची बसली. वरून पांढरं सिमेंट मी स्वतः लावलं. मग पाच रस्त्याच्या हार्डवेअरवाल्याकडे खिडकीच्या फटीला लावायची रबरी पट्टी मागितली, तर म्हणतो, "मावशी, एसी बसवला काय?" म्हटलं, काढला. "मग पट्टी कशाला?" मुंबईत लोक थंडी आत कोंडायला पट्टी लावतात, मी बाहेर ठेवायला लावते, हे त्याला समजावताना माझी वाट लागली. दाराखाली वाळू भरून लांब पिशवी शिवली. दुसऱ्या दिवशी उदबत्तीचा धूर सरळ छताला गेला.

आता पुढचं मीच सांगते, कारण भावोजी तिखटमीठ लावून सांगतील. सगळं बंद करून मी नेहमीसारखी निखाऱ्यांची शेगडी आत ठेवली, वर ओवा-बाळंतशोपेची धुरी. इतकी वर्षं बायका हेच करत आल्या, पण त्यांच्या घरांना कौलं होती, फटी होत्या. कोळशाचा वायू आत कोंडला आणि थोड्या वेळाने श्रुतिकाला घेरी आली. मी बाळाला उचलून हाक मारली, नलिनीने तिला धरून गॅलरीत आणलं. डॉक्टर मला नको नको ते बोलले आणि ते बरोबर होतं. दोघी ठीक आहेत. शेगडी गच्चीवर टाकली, दारावरची जाळी आता रात्रंदिवस उघडी असते, शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली.

पण सांगायचं ते हे नाही. गॅलरीत तिला पाणी पाजलं, जरा डोळे उघडले, तर ती पहिलं काय बोलली माहीत आहे? "आई, मी बरी आहे. मला भावाकडे पाठवू नका ना." श्वास धड घेता येत नव्हता आणि पोरीला भीती ती होती. भावोजी आले होते तेव्हा तिने त्यांचं सगळं आतून ऐकलं होतं. मी तिथेच रडले, नलिनीसमोर. सर्वेश, मला तुझा राग आधीही येत होता. त्या दिवशी तुझी लाज वाटली.

तर निरोपाचं उत्तर ऐक. ती कुठेही जाणार नाही. सव्वा महिन्यानंतरही नाही, वर्षानेही नाही. तुला थंडीऐवजी दुसरं कारण सुचेल, त्याचंही उत्तर हेच. दाराचं कुलूप काल बदललं, तुझी किल्ली आता लागणार नाही, उगाच खटपट करू नकोस.

येत्या रविवारी बारसं आहे. अक्षता चेंबूरहून आदल्या दिवशीच येते आहे. बाळाच्या कानात नाव आत्याच सांगणार, आणि भावाबद्दल तिचं म्हणणं माझ्यापेक्षा कडक आहे. तुला बाप म्हणून यायचं असेल तर ये. एकटा ये, बेल वाजव आणि थांब. दार मी उघडणार नाही. श्रुतिकाला वाटलं तर ती उघडेल, नाही वाटलं तर पेढे भावोजींबरोबर पाठवते.

खाली "तुझी आई" लिहिणार होते. पण घराच्या कागदांवर माझी जी सही आहे तीच इथे करते, म्हणजे हे घर कोणाचं आहे ते तुमच्या दोघांच्याही नीट ध्यानात राहील.

सुगंधा गुणाजी राऊळ