गिअरचा हँगर मिळाला

बाबा, माझी सायकल शेजारच्या सुशांतदादाला देऊन टाकायची हे मला न विचारता कसं ठरवलंत? वर्गातल्या स्वरदा आणि प्रांजल म्हणाल्या, हे घरी विचारून दाखव, तर मानू. घ्या, विचारलं. तेही लेखी.

"पार्टच मिळत नाही, भंगार झालीय," असं अख्ख्या सोसायटीला सांगत फिरलात. तुम्ही नेटवर शोधत होतात तो सायकलच्या पोटाखाली कोरलेला नंबर. बाबा, तो फ्रेमचा नंबर आहे! सायकल चोरीला गेली तर पोलिसांना द्यायचा. त्यावरून पार्ट कसा सापडणार? हेच सांगायला आले तर म्हणालात, "दहावी आहे, मेकॅनिकगिरी पुरे." आणि आई, तू हसलीस. ते मी विसरले नाहीये.

वाकडा झालाय तो फक्त हँगर, म्हणजे मागचा गिअर जिला लटकतो ती बोटाएवढी पट्टी. तिच्यावर नंबर नव्हताच. मी ती काढून ग्राफपेपरवर ठेवली, कडेने पेन्सिल फिरवली, भोकांमधलं अंतर मोजलं आणि नेटवरच्या एकेका चित्राशी ताडून पाहिलं. एकशे बारावं चित्र तंतोतंत जुळलं! चारकोपच्या दुकानात तो हँगर आहे, फोन करून विचारलंय. तुम्ही दोघं वाकोल्याहून यायच्या आत सायकल ढकलत निघालेय.

संध्याकाळी सुशांतदादा न्यायला आला की त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. सायकल मी देणार नाही. सोमवारपासून शाळेत तिच्यावरूनच जाणार. व्हॅनवाल्या काकांना येऊ नका म्हणून सांगून टाकलंय.

इरावती