मास्तरांच्या इंजिनाचे ठोके

सायखेडा,
सोमवार, दि. १६ एप्रिल १९७९

चि. झुंबर यास,
जयभीम. आशीर्वाद या पत्रात लिहिलेला नाही, तो शोधू नकोस.

शनिवार, दि. १४ एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी विहारासमोर जयंतीच्या झेंड्याखाली उभी होते. त्याच मिनिटाला तू माझ्या मळ्यातून मास्तरांचं विहिरीवरचं इंजिन बैलगाडीत घालून नेत होतास. वेळ मी मनाने लिहीत नाही. शेजारच्या विठाबाईने सांगितलं की तुझी गाडी नाशिकच्या एस.टी.ला आडवी गेली, आणि ती एस.टी. नऊ चाळीसची. कंडक्टरने तुला शिव्या दिल्या. त्यांतल्या दोन विठाबाईने मला जशाच्या तशा सांगितल्या. मी त्यांत भर घालत नाही, कारण त्या पुरेशा होत्या.

जयंतीचा दिवस निवडलास, हे विशेष. गावातलं कोणतं माणूस कधी कुठे असेल हे ज्याला ठाऊक असतं, तो चोर घरातलाच असतो.

मास्तर, तुझे दाजी, जाऊन सात वर्षं झाली. विहिरीवर विजेची मोटर आली त्याला आठ. इंजिन बंद होतं हे खरं, पण बंद म्हणजे टाकलेलं नव्हे. दर महिन्याला मी त्याचं गोणपाट झटकते आणि पितळ पुसते. मास्तरांच्या मागे ते कोणी चालू केलेलं नाही, मीसुद्धा नाही. तू रेल्वेत तीस वर्षं फिटर होतास. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, तू भंगार खेळवतोस, असं मनमाडहून येणारा जो तो मला सांगतो. माझी हरकत नव्हती. आता आहे.

इंजिन सोमवार, दि. ३० एप्रिलच्या आत होतं तिथे गोणपाटासकट आणून ठेवावं. लेखी खुलासा त्याआधी पाठवावा.

तुझी, अजून तरी, थोरली बहीण
सुमन जयराम पगारे


मनमाड,
शनिवार, दि. २१ एप्रिल १९७९

ती. आक्का हिस झुंबरचा सा. जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. इंजिनघराचं कुलूप तोडलेलं नाय. दाराच्या बिजागऱ्या काढल्या आणि परत बसवल्या. बघ, दार आता पहिल्यापेक्षा नीट लागतं. बाकी तू लिहिलंस ते सगळं खरं हाय. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाय.

मी एक गाडी बांधतोय. देवळाली कॅम्पच्या लिलावात एका जुन्या लष्करी गाडीचा सांगाडा मिळाला, चारही चाकं ओढणारा. त्यात इंजिन नव्हतं, तळही नव्हता. क्लच एका जळालेल्या ट्रकचा घेतला. गिअरबॉक्स दोन घेतले, मालेगावच्या भंगारातून, आणि एकाच्या मागे एक जोडले. तू हसशील. पण एकाने चाल चौपट कमी होते आणि ताकद चौपट वाढते, तर दोघांनी मिळून किती, ते तूच बघ, तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं. बसायला थर्ड क्लासच्या डब्यातला लाकडी बाक घेतलाय, तोंड मागे करून बसवलाय.

आता अडचण. इंजिन चालू होईना. शेजारी मोतीराम म्हणून हाय, त्याचा कांद्याचा ट्रक हाय. लय ताकदीचा गडी. त्याने हँडल मारून मारून खांदा सुजवून घेतला. डिझेल येतं, नोझल साफ हाय, पण नुसतं फुसकतं. दाजी तर दोन मिनिटांत चालू करायचे. तुला काही ठाऊक असेल तर कळव आणि मग पाहिजे तेवढं रागव.

राग ठेवलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
झुंबर


सायखेडा,
बुधवार, दि. २५ एप्रिल १९७९

चि. झुंबर यास, जयभीम.

तुझं पत्र विठाबाईला वाचून दाखवलं. आम्ही दोघी बराच वेळ हसलो. चोरलेली वस्तू चालत कशी नाही, हे ज्याची चोरली त्यालाच विचारणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

दाजी दोन मिनिटांत चालू करायचे, हे तू सुट्टीत येऊन पाहिलंस. त्यांच्या पलीकडे इंजिनाच्या डोक्याशी कोण उभं असायचं, ते पाहिलं नाहीस. पुरुषांना हँडल मारणारा तेवढा दिसतो. ते का चालू होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही.

आधी मला हे सांग की ही गाडी कशासाठी? मनमाडच्या बाजारातून मेथीची जुडी आणायला चार ओढती चाकं आणि दोन गिअरबॉक्स लागत नाहीत. खरं कारण लिही. खोटं लिहिताना तुझं अक्षर उजवीकडे कलतं. चौथीत तुझी पाटी मीच तपासत होते.

तीस तारीख कायम आहे.

सुमन


मनमाड,
रविवार, दि. २९ एप्रिल १९७९

ती. आक्का हिस सा. जयभीम, वि. वि.

अक्षर सरळ ठेवून लिहितो.

१९६१ च्या श्रावणात मी रजा घेऊन सुरगाण्याकडे तू नर्स होतीस त्या दवाखान्यात आलो होतो. आंबेपाड्याचा केरू पळत आला, बायको अडली म्हणून. तू वर गेलीस, मी तुझी पिशवी घेऊन मागे. चतुराबाईला डोलीत घालून खाली आणायचं ठरलं. चार खांदे लागत होते आणि पाड्यावर त्या दिवशी तीनच होते. मागचा डावा खांदा माझा.

कुंडाच्या चढणीवरून आपण तीन तास उतरत होतो. तिसऱ्या वळणावर तू डोली टेकायला लावलीस. घड्याळ हातात धरून तिची नाडी बघितलीस आणि घड्याळ खिशात घातलंस.  मग आम्ही डोली परत उचलली. वजन तेवढंच होतं, पण आता ती आतून हलत नव्हती. ते माझ्या खांद्याला अजून कळतं.

केरूच्या थोरल्या मुलाची बायको, नवसाबाई, तिला दिवस गेलेत. आषाढातली तारीख हाय. पाड्याला रस्ता तेव्हा नव्हता, आजही नाय. खाली ओढ्याला पाणी चढलं की पेट्रोलची जीप अलीकडेच थांबते, कारण तिची ठिणगी भिजते. डिझेलला ठिणगी लागतच नाय. इंजिन उंच बसवलं आणि हवा घ्यायची नळी त्याहून उंच नेली, तर ते छातीएवढ्या पाण्यातून जाईल. एवढी साधी गोष्ट. डिझेलची इंजिनं रोज डोळ्यांसमोर होती, तरी डोक्यात यायला मला अठरा वर्षं लागली.

उद्याची मुदत हुकते हाय. तरी तू म्हणशील तर मोतीराम इंजिन आणून टाकेल.

झुंबर


सायखेडा,
गुरुवार, दि. ३ मे १९७९

चि. झुंबर यास,

रविवारी सकाळच्या गाडीने मनमाडला येते. मोतीरामला खांदा शेकून ठेवायला सांग. इंजिनाच्या डोक्यावरच्या पितळी लिव्हरला तोवर कोणी हात लावू नये.

आक्का


मनमाड,
गुरुवार, दि. १० मे १९७९

ती. आक्का हिस सा. जयभीम, वि. वि.

सुखरूप पोचलीस हे विठाबाईच्या पुतण्याकडून कळलं.

आमची गल्ली अजून तुझ्याबद्दलच बोलते हाय. मोतीराम म्हणतो, तुमच्या बहिणीने मला बैलासारखं फिरवलं आणि वर म्हणाली, बैल बरा, तो तरी एका चालीने चालतो. तू त्या लिव्हरवर दोन बोटं ठेवून कान देऊन उभी होतीस. आम्हाला वाटलं जोर कमी पडतोय. जोराचा प्रश्नच नव्हता. लिव्हर वर धरली की इंजिन मोकळा श्वास घेतं, श्वास एकसारखा झाला की त्याच फेऱ्याला ती पाडायची, हे दाजींनी मला कधी सांगितलं नाय. तू पाडलीस आणि पहिल्या झटक्यात त्याने धरलं.

मग सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू खिशातलं घड्याळ काढून इंजिनाची नाडी बघत होतीस. म्हणालीस, मिनिटाला एकशेबावन्न, घरी एकशेअठ्ठेचाळीस असायचे, याला प्रवासाची कणकण आहे. मोतीराम हसला. मी हसलो नाय. तू एकशेअठ्ठेचाळीस कधी मोजलेस, हे मी विचारलं नाय.

महिनाअखेर गाडी मोतीरामच्या ट्रकवर चढवून पायथ्याला नेतो. तिला नंबर नाय, डांबरावर चालवायची नाय. तू येशील ना?

झुंबर


सायखेडा,
सोमवार, दि. ४ जून १९७९

चि. झुंबर यास, जयभीम.

कुंडाच्या चढणीवर तू स्टिअरिंग धरून पुढे बघत होतास. मी त्या उलट्या बाकावर बसून मागे बघत होते. तेव्हा तू काय केलंस ते तुला ठाऊक नाही. मी सांगते.

आधी तक्रारी. बाक कठीण आहे. पाण्याच्या टाकीतून उकळतं पाणी माझ्या पदरावर उडालं. आणि पहिला अर्धा मैल एक म्हैस आपल्या पुढे गेली, तिने वळून आपल्याकडे दयेने पाहिलं.

मग दगड सुरू झाले. म्हैस थांबली, आपण थांबलो नाही. मी मागून चाकं पाहत होते. एक चाक घोटाभर दगडावर टेकायचं, विचार केल्यासारखं थांबायचं आणि चढायचं. मग दुसरं. अशी चारही चाकं, एकामागे एक, जसं म्हातारं माणूस पायरी चाचपून चढतं. घसरणं नाही, झटका नाही. दगड हलायचा, गाडी हलायची नाही. पाड्याची माणसं मागून चालत होती. सुरुवातीला त्यांची थट्टा चालली होती, कोणी म्हणत होतं की बाईंची गाडी वर पोचेपर्यंत नागली पिकेल. दुसऱ्या वळणानंतर ती थट्टा संपली. त्यांना हळू चालावं लागत होतं, पण कोणी पुढे गेलं नाही. केरू म्हातारा झालाय. त्याने मागच्या फळीवर हात ठेवला होता. ढकलत नव्हता, नुसता ठेवला होता.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हाला सांगायच्या की पर्वत हलवणारी श्रद्धा मोहरीच्या दाण्याएवढी असते. मी तेव्हाही विचारलं होतं की कोणी हलवलेला पाहिलाय का, आणि त्याबद्दल बाकावर उभी राहिले होते. परवा पर्वत जागचा हलला नाही. पण भंगारात पडलेलं लोखंड त्याच्या अंगावरून मुंगीच्या पावलांनी वर गेलं, आणि चढणीत कुठेही त्याचा ठोका बदलला नाही. मी मोजत होते, झुंबर. मी कधी मोजले ते तू विचारलं नाहीस, तर सांगते. विहिरीवर संध्याकाळी मास्तर इंजिन हळू करून ठेवायचे आणि मी मोजायची. एकशेअठ्ठेचाळीस. पोटातल्या निरोगी बाळाचे ठोके एवढेच असतात. आम्हाला मूल झालं नाही. मास्तर म्हणायचे, हेच ऐक.

तिसरं वळण मी डोली टेकली होती तो दगड बघून ओळखलं. ते ओलांडायला चार मिनिटं लागली. मी तुला थांब म्हणणार होते. म्हटलं नाही.

वर पोचायला एक तास पन्नास मिनिटं. केरूच्या दुसऱ्या बायकोला, भागीबाईला, मी लिव्हर शिकवली आहे. तिसऱ्या खेपेला तिला जमली. मोतीरामला तीनशे खेपांत जमली नव्हती.

पावसाळाभर तू वर राहणार म्हणतोस. पायमोजे ने. इंजिनाबद्दलचा माझा निर्णय मी राखून ठेवला आहे.

आक्का


आंबेपाडा,
गुरुवार, दि. १९ जुलै १९७९

ती. आक्का हिस सा. जयभीम, वि. वि.

हे पत्र केरूचा मुलगा खाली नेऊन टाकेल, कधी पोचेल सांगता येत नाय.

मंगळवारी सकाळी नवसाबाईला कळा सुरू झाल्या. मूल आडवं हाय असं भागीबाईला हाताला लागलं. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. मी हँडल घेतलं, भागीबाई लिव्हरवर. माझे हात ओले होते, दोनदा निसटले. तिसऱ्यांदा तिने मला सांगितलं की दादा, घाई करशील तर ते श्वास नाही घेणार. तुझीच भाषा. मग धरलं त्याने.

उतरताना तिसऱ्या वळणावर माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. केरू काठी घेऊन पुढे चालत होता. मागे न वळता ओरडला की इथं थांबायचं नाही. नाय थांबलो.

ओढा दुथडी होता. पलीकडे दवाखान्याची जीप उभी होती, ड्रायव्हर हात हलवून नको नको करत होता. मी दोन्ही गिअरबॉक्स पहिल्या गिअरला टाकले आणि सोडून दिलं. पाणी फळीवर आलं, माझ्या गुडघ्यांवर आलं. फ्लायव्हील पाणी कापून छपरापर्यंत उडवत होतं. मला ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त वरच्या नळीतून त्याचे ठोके. आक्का, ते पाण्याखाली गेलं होतं आणि चालत होतं. मी मोजले नाय, माझ्याकडे घड्याळ नाय, पण एक चुकला नाय. एवढं सांगतो.

पोट उघडून मूल काढलं. मुलगी हाय. नवसाबाई बरी हाय. केरू अजून दवाखान्याच्या पायरीवर बसून हाय, घरी चल म्हटलं तर म्हणतो, बसू दे.

खांदा जरा हलका हाय.

झुंबर


सायखेडा,
शुक्रवार, दि. २७ जुलै १९७९

चि. झुंबर यास अनेक आशीर्वाद. एप्रिलमध्ये मागे ठेवलेलासुद्धा यात आहे, शोध.

तुझं पत्र काल आलं, एका कोपऱ्यात भिजलेलं. मी ते विठाबाईला वाचून दाखवलं नाही. एकटीने विहिरीवर जाऊन वाचलं. इंजिनघराचं दार खरंच नीट लागतं.

आता निर्णय. इंजिन चोरून नेलं ही वस्तुस्थिती बदललेली नाही आणि मी ती तक्रार मागे घेत नाही. पण ते परत आणू नकोस. इथे ते आठ वर्षं गोणपाटाखाली होतं, तिथे त्याच्यावाचून पाड्याचं चालणार नाही. मास्तर असते तर त्यांनी स्वतःच दार काढलं असतं आणि बिजागऱ्या कुठे ठेवल्या ते विसरले असते.

माझी मागणी एवढीच. सोमवार, दि. १४ एप्रिल १९८०, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ती गाडी माझ्या दारात उभी पाहिजे. मोतीरामच्या ट्रकवरून येऊ दे. केरू, भागीबाई, नवसाबाई आणि ती मुलगी, सगळ्यांनी यावं, जेवण माझ्याकडे. हँडल तू मारायचं. लिव्हर मी पाडणार, भागीबाईने त्या दिवशी बाजूला उभं राहावं. पावसाच्या आत गाडी परत वर जाईल.

हे मान्य असल्याचं लेखी उत्तर शुक्रवार, दि. १० ऑगस्टच्या टपालापर्यंत माझ्या हाती पडावं. तोंडी निरोप चालणार नाही. सोबत माझं घड्याळ रजिस्टर टपालाने पाठवत आहे. नळीखाली उभं राहून पूर्ण एक मिनिट मोज, आणि आकडा त्या उत्तरात लिही.

तुझी
आक्का