मोकळं सोडा

सोमवार, ३ जून
मोठे साहेब कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेत! म्हणाले, "लोकांना मोकळं सोडा. त्यांना सुचू द्या." आम्ही मिक्सरच्या तक्रारींचे फोन घेतो – त्यात काय सुचायचं? तरी विभागप्रमुख म्हणून सगळ्यांना सांगितलं, छापील उत्तरं बाजूला ठेवा, आपल्या मनाने बोला. एकीने विचारलं, "मॅडम, म्हणजे जास्त वेळ थांबायचं का?"

मंगळवार, ४ जून
कुणाला काही सुचलं नाही.

गुरुवार, ६ जून
सुचलं! तेही कुणाला – गंभीररावांना. (नाव आम्हीच ठेवलंय. हा माणूस केकसुद्धा औषधासारखा खातो.) एक बाई फोनवर कडाडत होत्या. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मिक्सर भिकारच आहे. माझ्याकडेही तोच आहे. लावला की शेजारी दार वाजवतात." मी फोन काढून घ्यायला उठले! पण बाई हसत सुटल्या. मग सुनेचं गाऱ्हाणं सांगत बसल्या. मिक्सर राहिलाच!

मंगळवार, ११ जून
लोक आता "ते खरं बोलणारे आहेत का?" असं विचारतात. बाकीच्यांनाही चेव आलाय. एकजण तर ग्राहकाच्या सुरात सूर मिसळून कंपनीला शिव्या देत होता. आवरलं त्याला. किती मोकळं सोडायचं, ते प्रशिक्षणात शिकवत नाहीत वाटतं.

शुक्रवार, १४ जून
बोंबललं सगळं! काल गंभीरराव एका बाईंना म्हणाले, "ज्याने हा मिक्सर बाजारात काढला त्याने तो कधी लावून पाहिला नसणार." त्या निघाल्या साहेबांच्या सौ.! रात्री जेवताना त्यांनी तेच वाक्य साहेबांना ऐकवलं. आणि मिक्सर काढलाय साहेबांनीच.
आज मला बोलावून म्हणाले, "सोमवारी त्याला घरी पाठवा!"
म्हटलं, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, मोकळं –"
"इतकं नाही!"
"मग मलाही पाठवा. मीच सांगितलं होतं त्यांना."
तोंडातून निघून गेलं! घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी उठून फक्त पंखा वाढवला.

सोमवार, १७ जून
गंभीररावांना सांगायला गेले, तर ते फोनवर. मला हातानेच थांबवलं. स्पीकर चालू होता. पलीकडचा आवाज मुद्दाम जाड काढलेला – पण मी ओळखला.
"आमचा मिक्सर फार आवाज करतो हो... आणि बायको चार दिवस बोलत नाहीये."
गंभीररावांनी खुर्ची पुढे ओढली. "बोला साहेब. मला वेळ आहे."
मी आल्या पावली परत फिरले.