हाताला लागलेला वास

१२ जानेवारी

चि. ठकूस,
मामाचे अ. उ. आ.

तुझी सर्दी गेली का? खोलीतल्या मैत्रिणीचा मुरगळलेला पाय टेकतो का आता? आणि वसतिगृहाच्या बाईंचा दमा? इथे मामीचे गुडघे कुरकुरतात, मी ठणठणीत आहे. तुझी आई थोडी वाळली आहे, पण तू गेलीस की ती दर वेळी वाळते. सारखी पाणी पिते. मी तिला म्हटलं, आता नळच तुझ्या नावावर करून देतो.

ऑर्गॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये काय वाढून ठेवलंय, असं तू विचारलंस. मी शिकलेला नाही, तीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये ॲसिटोनने काचसामान धुतोय. धुता धुता जे कानावर पडलं तेवढं सांगतो. पहिल्या सेमिस्टरमध्ये मुलं पाठांतरावर तरून जातात, दुसऱ्यात ते पितळ उघडं पडतं. आता कार्बोनिल येईल, म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजनची दुहेरी जोडी. तिच्याशी नीट ओळख करून घे. अल्डिहाइड, किटोन, आम्लं, सगळी तिचीच पिलावळ. मग सर तयार पदार्थ फळ्यावर मांडतील आणि तो कशापासून केला ते विचारतील. तेव्हा शेवटाकडून एकेक पायरी मागे यायचं. पुढून घुसणारे हमखास वाट चुकतात. आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो ते दाखवणारे बाण रोज हाताने काढ, नुसतं वाचून काही राहत नाही.

आपला ठराव विसरू नकोस. मागच्या वेळी मांजर हरवल्याचं पत्र ऐन प्रॅक्टिकलच्या सकाळी वाचलंस आणि रडत रडत तयार झालेला पदार्थ मोरीत ओतून आलीस. म्हणून परीक्षा सुरू झाली की संपेपर्यंत घरचं पाकीट फोडायचं नाही. घर कुठे पळून जात नाही.

माया आहेच, ती पत्रातूनही कळू दे.
तुझा मामा

२० फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. पाठांतरवाले सगळे तोंडघशी पडले, त्यात मीही होते. आता रोज वीस बाण काढते. किटोनचा धडा परवा सुरू झाला. सरांनी ॲसिटोनची बाटली वर्गात फिरवली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली आणि मला एकदम तुमचा सदरा आठवला. मैत्रीण म्हणते, घरच्या आठवणीने डोळे भरून यायला इतका घाण वास लागणारी तू पहिलीच.

आईच्या पत्रातलं अक्षर या वेळी वाकडंतिकडं होतं. तिला म्हणावं, लिहायला आळस आला असेल तर मामींकडून लिहवून घे, पण जेवणात आळस नको. परीक्षा एक ते आठ एप्रिल, शेवटचा पेपर ऑर्गॅनिकचा. ठराव पाळीन.

सगळ्यांनी असाच जीव लावावा.
ठकू

३१ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हे पत्र पेपर संपल्यावरच वाचशील, म्हणून मोकळेपणाने लिहितो. तुझ्या आईला बरं वाटत नाहीये. पोट दुखतं, दोनदा उलटी झाली. डॉक्टरकडे चल म्हटलं की ठकूचे पेपर होऊ देत म्हणते. पेपर तुझे आणि पोट हिचं, यांचा काय संबंध, असं मामीने विचारलं, तर हिने पाण्याचा तांब्या मागितला.

बाकी घरात एक वेगळाच तमाशा चाललाय. चार दिवस तुझ्या आईच्या खोलीत ॲसिटोनचा वास येतो. मामी म्हणते, हा तुमच्या अंगाचाच, तिला त्यानेच मळमळतं. मी दोन-दोनदा साबणाने हात धुतो, लॅबचे कपडे अंगणात ठेवतो, तरी तिच्याजवळ बसलं की वास आहेच. तीस वर्षांत तो माझ्या कातड्यातच मुरला असावा. आता दारातूनच तिची चौकशी करतो.

पेपर कसे गेले ते कळव. आमचा लोभ तुला ठाऊकच आहे.
मामा

२१ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल खोलीवर पोचले. आई गेल्यावर तुमच्याकडे होते तेवढे दिवस बरे होते असं आता वाटतं, कारण तिथे रडणारी मी एकटी नव्हते.

टेबलाच्या खणात तुमचं पत्र सापडलं. तीन तारखेला आलं होतं. ठरावाप्रमाणे मी ते तसंच ठेवलं. सहा तारखेला आईला दवाखान्यात नेल्याचा फोन आला, तोवर तीन दिवस ते खणातच होतं.

मामा, तो वास तुमच्या हातांचा नव्हता. साखरेचा आजार बळावला की रक्तात किटोन साठतात आणि श्वासाला ॲसिटोनचा वास येतो. किटोनच्या धड्याच्या शेवटी सरांनी सांगितलं होतं, माझ्या वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. पत्र फोडलं असतं तर पहिल्या वाचनात ओळखलं असतं, त्याच दिवशी फोन केला असता.

राहिलेला ऑर्गॅनिकचा पेपर जूनमध्ये देता येईल असं कॉलेजने कळवलंय, अर्ज तीस तारखेपर्यंत. मी भरणार नाही. ज्या विषयातलं एवढं एक कळायला हवं होतं, तो शिकून आता काय करू? सामान बांधून घरी येते.

रागावू नका, किंवा रागवा.
ठकू

२५ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

वासाचं मला दवाखान्यातच कळलं होतं. तुझ्या आईवर वाकल्याबरोबर डॉक्टरांनी ओळखलं आणि मला विचारलं, वास किती दिवस येतोय. मी म्हटलं, दहा दिवस. मग त्यांनी माझा धंदा विचारला. मी सांगितला. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

तू इथे होतीस तेव्हा पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाहीस, म्हणजे फोडलं नसणार हे मी ताडलं. बॅग उचलायला तुझ्याबरोबर येतो म्हणून चारदा मागे लागलो, ते त्या खणासाठी. तू वाचण्याआधी ते पत्र काढून घ्यावं असं वाटत होतं. माझं तेही चुकलंच. वास माझ्यासमोर होता आणि ठराव माझा होता. यातलं तुझ्या वाट्याला काही येत नाही, ओढून घेऊ नकोस.

सोमवारी लॅबमध्ये गेलो, पण ॲसिटोनची बाटली उचलवेना. तिथल्या सरांनी आपलं सामान आपणच धुतलं.

एक राहिलं होतं, ते आज सांगतो. दवाखान्यात नेताना तुझी आई शुद्धीवर होती. धापा टाकत तिने मला विचारलं, ठकूचा शेवटचा पेपर झाला का. मी म्हटलं, झाला, छान गेला. तिने मान हलवली. पेपर दोन दिवसांवर होता, गं. आयुष्यात तिच्याशी मी एवढंच एक खोटं बोललो. ते खरं करायचं की तसंच राहू द्यायचं हे तू ठरव, मी जोर करणार नाही. घरी आलीस तरी तुझी खोली झाडून ठेवली आहे, आणि पेपराला बसलीस तर बाहेरच्या बाकावर मी तीन तास बसेन.

तीस तारीख जवळ आहे. दोनच ओळी लिही, चिडून लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर लिही.

तुझा मामा