मधल्या घासाचं भाषण

प्रिय अक्का,

तुझ्या धाकट्या, जाड्या आणि तोंडाळ भावाचा वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली पोटाच्या परवानगीनं होतं, तेव्हा अर्ध्यावरचा नमस्कार पुरा समज.) तब्येत विचारत नाही, कारण तू 'बरी आहे' म्हणशील. दाजी गेल्यापासून तू फोनवर 'जेवले रे' म्हणतेस ते खोटं असतं, हे भाचीनं तुझ्या फ्रीजमध्ये डोकावून मला कळवलं आहे. म्हणून हे पत्र जेवणाविषयी आहे. रागावण्याआधी माझी फजिती ऐक.

झालं असं, की डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि आकडा पाहून आपला चष्मा पुसला. मनावर काही ताण आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, जन्मभर कामगारांच्या सभांतून मालकांना ताण दिला, मला कोण देणार? पण मी पडलो वाचणारा. ग्रंथालयातून मेंदूवरची पुस्तकं आणली आणि वाचता वाचता माझं डोकं तापलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. भूक, ताण, अंगातल्या शक्तीची आवकजावक, सगळ्यावर त्याची नजर. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक त्याच्याकडे गाऱ्हाणं नेतं. चरबी लेप्टिन धाडून कळवते की कोठारात साठा आहे. आतडीही 'आता पुरे' असा निरोप देतात, पण तो पोचायला वेळ लागतो आणि तोवर माझ्यासारखा माणूस ताट पुसून मोकळा होतो. खालच्यांचा आवाज वर वेळेवर पोचत नाही, याच अन्यायाविरुद्ध मी आयुष्य घालवलं, आणि तो माझ्याच पोटात चालू होता.

मी घरात ठराव मांडला (अनुमोदनही मीच दिलं). अर्धं जेवण झालं की सगळ्यांनी चमचे खाली ठेवायचे आणि निरोप मेंदूत पोचेपर्यंत मी भाषण करायचं. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढून ताटाशेजारी ठेवलं आणि जेवण चालू ठेवलं. (सभात्यागाचा इतका सभ्य प्रकार मी पाहिला नव्हता.) स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला हिनं आग्रहानं बसवलं होतं. तो बिचारा बटाट्याचा तुकडा काट्याला टोचून माझ्याकडे बघत राहिला. मी 'गळती आणि बेजबाबदारी' या मुद्द्यावर आलो तेव्हा त्याला वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून चाललंय. तो उपाशीच उठला आणि चांगला झालेला नळ पुन्हा खोलून बसला. नळ आता खरोखरच गळतो.

वजन कमी होणं दूरच, ते वाढलं. कारण भाषणानंतर मला कडकडून भूक लागते. त्यातच ही ओट्यापाशी उभ्या उभ्या आधीच जेवून घेते, असं माझ्या लक्षात आलं. मी जाब विचारला. तिनं हातातली ताटली खाली ठेवली.

"अहो, आपल्याकडे जेवायला आले की दाजी बसायचे ती खुर्ची रिकामी दिसली, की तुम्ही आणखी वाढून घेता. ते कुठल्या पुस्तकात आहे?"

अक्का, भर सभेत माझा ठराव असा कुणी पाडला नव्हता. बरं, पुस्तकात ते आहेही. ताण आला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना हाक देतो, कॉर्टिसॉल वाढतं. मग कुणाची भूक मरते, कुणाची खवळते. एका आईच्या हातचं खाऊन वाढलेली आपण दोघं, दुःखही एकाच माणसाचं, पण तू वाळत चाललीस आणि मी फुगत चाललो. बघणाऱ्याला वाटावं, तुझ्या वाटणीचं मीच खातोय.

आणखी एक वाचलं. घ्रेलिन सवयीच्या वेळेला हजर होतं. तुझी वेळ म्हणजे दुपारी दाजी दुकानाचं शटर ओढून घरी यायचे ती. आता शटरचा आवाज येत नाही, तर त्या बापड्या संप्रेरकाला कळावं कसं? वेळ शरीराला नव्यानं शिकवता येते, असं पुस्तक म्हणतं. शिकवताना समोर कुणीतरी बसावं लागतं, असं मी म्हणतो.

तुझाच,
धाकटा

ता. क. यापुढे दुपारचं जेवण तुझ्याकडे करावं म्हणतो. कमी खाणाऱ्यासमोर बसून मी थोडं कमी खाईन, बकासुरासमोर बसून तू दोन घास जास्त खाशील. सोय माझी आहे, उपकार तुझे.

ता. क. तुझ्या भावजयीनं अट घातली आहे, की वन्संच्या टेबलाशी एकही भाषण होता कामा नये. मी ती मान्य केली आहे. मी नुसता समोर बसेन. तुला रडायचं असेल तर रड. मी बटाटे सोलत राहीन.

ता. क. हे पत्र टपालात टाकलेलं नाही, तुझ्या दाराखालून सरकवतो आहे. बाहेर पायरीवर बसलोय. डबा गरम आहे तोवर दार उघड. मीही जेवलेलो नाही.